बिस्किटाच्या डब्यातला प्रेस

८ जानेवारी १९७३, सोमवार

वहीचं पहिलं पान. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाईंचा हुकूम आहे, रोज उजव्या हातानं चार ओळी लिहायच्या. डाव्यानं लिहिलं तर मला कळेल म्हणाल्या. बाई म्हणजे गायकवाडबाई, हॉस्पिटलात हाताचे व्यायाम करून घेतात. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "मनात येईल ते लिहा, मी वाचणार नाही."

मग लिहितो. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही अर्धीच राहिलीत. ऑक्टोबरात प्रेसखाली गेली. आमच्या कारखान्यात दाराच्या बिजागऱ्या होतात. पट्टी हातानं सरकवायची, पायानं पायडल दाबायचं, वरून ठोका येतो. अकरा वर्षं त्या प्रेसवर बसलो. फोरमन पाठकांनी रजिस्टरात लिहिलंय, 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' निष्काळजी माणसाची बोटं अकरा वर्षं टिकत नाहीत.

चार ओळी झाल्या. जास्तच झाल्या.

११ जाने., गुरुवार

आजवर काय, तर कपड्यांचे चिमटे दाबा, ओली माती मळा, ह्या वाटीतले वाटाणे त्या वाटीत टाका. मी तोंड वाकडं करूनच करतो. आज बाईंनी कपाटातून बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा काढला. आत प्लॅस्टिकचे ठोकळे, करडे आणि लाल. एका अंगाला खाच, दुसऱ्या अंगाला खुंटी. एकात एक सरकवले की घट्ट बसतात. शिवाय दात्यांची चाकं, दांडे, साखळीच्या कड्या, एक हँडल. मागं कुणी परदेशी डॉक्टर इथं होते, त्यांच्या मुलांचा खेळ. जाताना ठेवून गेले. सोबत जर्मन पुस्तक. अक्षर लागत नाही, पण चित्रं सगळी कळतात.

म्हणालो, बाई, हा पोरांचा खेळ. "मग पोरं करतात तेवढं तरी करून दाखवा."

एक ठोकळा दुसऱ्यात सरकवायला पाव तास गेला. तीनदा खाली पडला. बाई मदतीला आल्या तर मी हात झटकला. चौथ्यांदा बसला, टक् असा बारीक आवाज झाला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा काहीतरी मापात बसलं.

१४ जाने., रविवार

संक्रांत. तिळगूळ यंदा नावाला, रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळते तिचीच भाकरी. शेजारच्या बायका वि.ला विचारत होत्या (वि. म्हणजे विमल, माझी बायको), "तुमचे मालक आता घरीच का?" तिनं उत्तर दिलं, "हॉस्पिटलात कामाला जात्यात." खोटं बोलली नाही. काम तर करतोच मी तिथं.

१९ जाने., शुक्रवार

रसवंतीचा चरक केला. पुस्तकात नाही, माझ्या डोक्यातला. दोन लाटा, मध्ये दोन चाकं एकमेकांत अडकवलेली, हँडल फिरवलं की लाटा उलट्या दिशांनी फिरतात. उसाच्या जागी कागदाची सुरळी घातली, चपटी होऊन पलीकडून आली. वॉर्डातली चार माणसं गोळा झाली. पाय मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "एक फुल गिलास द्या, बर्फ कमी."

बोटं दुखतात का, बाईंनी विचारलं. चरक करताना दुखल्याचं आठवत नाही.

२४ जाने., बुधवार

डबा घरी आणला. बाईंनी अटी घातल्या. एकूण दोनशे पंचाहत्तर तुकडे, मोजून नेले तसे मोजून परत. हॉस्पिटलची वस्तू आहे, एक कमी भरला तर त्यांना जाब. कागदावर सही केली, उजव्या हातानं. पहिलीच सही. बाई बघतच राहिल्या, मीही.

चाळीत लगेच बोलणं. म्हणे सदाशिवच्या डोक्यावर परिणाम झाला, खेळणी घेऊन बसतो. बसतो. दार उघडं ठेवूनच बसतो.

२८ जाने., रविवार

मेहुणा नामदेव तिसगावहून आला. तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडतो. मी यारी करत होतो, माल वर उचलायची, दोरा गुंडाळायला चाक. बघून खो खो हसला. "दाजी, तुमी भातुकली मांडली व्हय?" मी म्हणालो, मांडली. "लई दिवस काम न्हाई केलं की असं हुतं मानसाचं." हँडल त्याच्या हातात दिलं.

जेवणापर्यंत यारीनं तांब्या उचलायचा प्रयत्न चालू. तांब्या जड, यारी पुढं कलंडते. मागं वजन हवं हे त्याचं त्यानंच ओळखलं, वि.चा वरवंटा ठेवला. तांब्या उचलला. पाच वाजताची एस.टी. चुकवली पठ्ठ्यानं. जाताना म्हणाला, "आमच्या खाणीवं आसली एक पायजे हुती." मग भातुकलीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. पाहुणा आहे.

१ फेब्रु., गुरुवार

कारखान्यात पुन्हा हजर. काम: गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहिणे. मी प्रेसमन आहे. आत प्रेसवर आता बाबू बसतो, बाबू शेख, आधी माझ्या हाताखाली पट्ट्या कापायचा.

सगळ्यात आधी फो. पाठकांना गाठलं. म्हणालो, साहेब, ते रजिस्टरातलं वाक्य काढा. मी पायडल एकदाच दाबलं, ठोका दोनदा आला. ते म्हणाले, "सदाशिव, मशीन आपलं आपण खाली येत नाही. तुझा पाय दुसऱ्यांदा पडला. त्या दिवशी थकला असशील." थकलो नव्हतो. "मग मशीनला काय भूत लागलं होतं?" दोघं-तिघं हसले. अकरा वर्षं त्या मशीनला मीच तेल दिलं, दर खंडेनवमीला पूजा मीच केली. तिथंच सगळ्यांसमोर बोललो, दाखवून देतो तुम्हाला. काय दाखवणार आणि कसं, ते तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं.

घरी येता येता कळलं.

४ फेब्रु., रविवार

प्रेस बांधायला घेतला. चरक मोडला, यारी मोडली, सगळे तुकडे लागणार. रचना पाठ आहे, डोळे मिटून सांगेन. मोठं चाक सारखं फिरत राहतं. एक खटका ठोक्याच्या घणाला वर अडवून धरतो. पायडल दाबलं की खटका बाजूला होतो, ठोका खाली येऊन वर जातो, तेवढ्यात स्प्रिंग खटक्याला पुन्हा जागेवर ओढते. एक पाय, एक ठोका. हे सगळं बोटभर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत बसवायचं. वि. म्हणाली, "ज्यानं बोटं खाल्ली त्योच परत घरात आनताय?" म्हणालो, ह्या वेळी तो माझ्या हातात असेल.

९ फेब्रु., शुक्रवार

खटका तीनदा मोडून बांधला. घोडं स्प्रिंगवर अडलं. डब्यात स्प्रिंग नाही. रबर लावून पाहिलं, ते आज घट्ट, उद्या ढिलं. बॉलपेनची स्प्रिंग ढकलते, मला ओढणारी हवी. आज व्यायामाला गेलो तर बाईंच्या खिडकीचा पडदा. तो लांब बारीक स्प्रिंगवरच लावलेला. मी पडद्याकडे बघतोय हे बाईंनी बघितलं. "काय हवंय?" दोन इंच. बाईंनी दाराबाहेर पाहून घेतलं. मग स्वतःच कातर आणली. आता तो पडदा एका बाजूला जरा ओढलेला राहतो. मेट्रनबाई राउंडला आल्या की बाई त्यांना काय सांगतील कोण जाणे.

१४ फेब्रु., बुधवार

दुपारी बाबूबरोबर डबा खाल्ला. सगळं सांगितलं, मॉडेलचं पण. तो खाली बघून जेवत होता. "सदाभाऊ, तुमी खरं बोलता, मला माहीत हाय. पन मला साक्षीला नका वढू. त्या मशीनवर मी बसतो." रागावलो नाही. विचारलं, तुझ्याकडं कधी दोनदा आला का? "न्हाई. पन बसताना देवाचं नाव घेतो आन् उठताना बोटं बघतो."

गेटवरून ठोके ऐकू येतात. दिवसभर मनात मोजतो.

१८ फेब्रु., रविवार

झाला. प्रेस उभा राहिला, वीतभर उंच. डाव्या हातानं मोठं चाक फिरवायचं, उजव्याच्या अंगठ्यानं पायडल दाबायचं. ठोक्याखाली खडू ठेवला, कट्कन दोन तुकडे. वि.नं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला मात्र इतका आनंद झाला की चाळीच्या कठड्यापाशी जाऊन उगाच उभा राहिलो. असं यंत्र मी बांधलं, ह्या हातानं.

मग दाबत बसलो. शंभर वेळा. दोनशे वेळा. एक पाय, एक ठोका. दरवेळी. एकदाही दोनदा आला नाही.

१९ फेब्रु., सोमवार

पुन्हा दीडशे. हळू, जोरात, चाक उलटं फिरवून. एकदाच. म्हणजे माझं स्वतःचं मॉडेल पाठकांच्या बाजूनं साक्ष देतंय. बांधायचं तर इतकं चांगलं कशाला बांधलं मी.

२५ फेब्रु., रविवार

सहा दिवस वही उघडली नाही. बाईंना कळलं, अक्षर बघून नाही, चेहरा बघून. म्हणाल्या, "मशीन खरं सांगतंय असं वाटतं का तुम्हाला?" म्हणालो, मशीन मला माहीत आहे तेवढंच सांगतंय. मला माहीत नाही असं काहीतरी राहिलंय त्यात. बोलून गेलो, मग वाटलं, बरोबर बोललो. मोडणार नाही प्रेस. फळीवर राहू दे.

४ मार्च, रविवार

सकाळी दाढी करून आलो तर वि. फळीपाशी. मॉडेलला हळद-कुंकू लावलेलं आणि काळा दोरा, त्यात बिब्बा. म्हणाली, "समदी चाळ येऊन बघून जाती. नजर लागंल. लागलीच हाय म्हना, म्हून तर तुमाला पायजे तसं चालत न्हाई." दोरा बांधला कुठं, तर स्प्रिंगच्या आकड्याला. बांधायला तीच सोयीची जागा. मी चिडलो. हे यंत्र आहे, देव्हारा नाही, असं काहीबाही बोललो. ती म्हणाली, "चालवून तर बघा." तिला दाखवायलाच चाक फिरवलं, अंगठा दाबला.

ठोका आला. वर गेला. पुन्हा आला.

मी दाबलंच नव्हतं. अंगठा उचललेला होता. वि.नंही पाहिलं. पुन्हा केलं. एकदा. पुन्हा एकदा. मग दोन. दहात तीनदा दोन येतात. दोऱ्याचं टोक स्प्रिंगच्या वेढ्यांत शिरतं, स्प्रिंग पुरती मिटत नाही, खटका जागेवर पोचायला केसभर कमी पडतो.

वि. म्हणाली, "बघा, चाललं की." मी खालीच बसलो. तिला वाटलं आनंदानं.

५ मार्च, सोमवार

हे लिहिणं भाग आहे. बाई वाचणार नाहीत म्हणाल्यात, तरी हात जड झालाय.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशीनांची पूजा. नारळ, गुलाल, झेंडूच्या माळा. माळ काढायची नाही, वाळून आपली आपण गळू द्यायची, अशी आमची रीत. मशीनवर चढवलेलं फूल हातानं ओढलं तर मशीन रुसतं म्हणतात. प्रेसला माळ दरवर्षी वर चाकाच्या आडव्या पट्टीला. ह्या खेपेला तिथला खिळा निघालेला होता. म्हणून बाजूला, खाली, स्प्रिंगच्या आकड्याला बांधली. सुतळीनं, दुहेरी गाठ. बोटं गेली ती दसऱ्यानंतरच्या शनिवारी. चार दिवस ठोक्यांनी हलून हलून सुतळीचं टोक आत गेलं असणार. रक्त पडलं म्हणून मशीन रॉकेलनं धुतलं, त्यात माळही गेली. कुणी बघितलीच नाही.

माळ मी बांधली होती. माझ्या दोन हातांनी.

७ मार्च, बुधवार

पाठकांना कळलं तर हसतील. 'स्वतःच्या' हा शब्द खरा निघाला.

एक करता येतं. पडद्याच्या स्प्रिंगचा तुकडा अर्धा इंच जास्त ठेवला की ती ढिली पडते, मग दोरा नसतानाही ठोका दोनदा येतो. दहा मिनिटांचं काम. करून पाहिलं. येतो. सांगायचं, कारखान्याची स्प्रिंग ढिली झाली होती, साहेबांनी बदलली नाही. कोण नाही म्हणणार? मी निर्दोष.

मॉडेल समोर ठेवून बराच वेळ बघत होतो. सुरेख चाललं होतं आणि खोटं चाललं होतं. मी त्या स्प्रिंगला अकरा वर्षं तेल दिलंय, ती ढिली नव्हती. परत कापून मापात बसवली. ह्या डब्यातलं एकही यंत्र मी खोटं बांधलं नाही, हेही बांधणार नाही. त्यांना हसायचं तर हसू देत.

११ मार्च, रविवार

वि.ला सांगितलं. ती रडली नाही, वाद घातला. "माळ बांधली म्हंजी काय पाप केलं? देवाचं केलं तुमी." म्हणालो, देवाचं केलं म्हणून सुतळी थांबत नाही. मग ती म्हणाली, "पाडव्याला परत बांधनार की सगळी. तवा तिथं बाबू हाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवस मी माझ्याच बोटांचा विचार करत बसलो. पाडवा चार एप्रिलला. साखरेच्या गाठी, कडुनिंब, झेंडू, सगळं मशीनांवर चढणार.

१२ मार्च, सोमवार

बाबूला गेटवर बोलावून सगळं सांगितलं. तो पांढराफटक. मग जे म्हणाला ते बरोबर होतं. "सदाभाऊ, सुतळी यंदा न्हाई बांधली तर उंद्या चिंधी अडकंल. परवा पत्र्याचं कात्रन. हात आत जातोच कसा, ते बघा."

हात आत जातोच कसा. दिवसभर ट्रकचे नंबर चुकीचे लिहिले.

१८ मार्च, रविवार

होळी. बाहेर बोंबा, मी आत जाळी बसवतोय. लाल पातळ पट्ट्यांची एक झडप, ठोक्याच्या पुढ्यात. झडप खाली पडल्याशिवाय पायडल दबतच नाही, तशी साखळी जोडली. झडप खाली म्हणजे हात बाहेर. मग ठोका दोनदा येवो नाहीतर वीसदा. चार वेळा जमलं नाही. साखळी सुटायची, झडप अर्ध्यात अडकायची. शेवटी पुस्तकातल्या रेल्वे फाटकाच्या चित्रावरून युक्ती सुचली. दोरा बांधून मुद्दाम दोन ठोके आणले, बोटाच्या जागी धरलेला खडू झडपेबाहेर शाबूत.

तुकडे मोजले. प्रेसमध्ये एकसष्ट. डब्यात दोनशे चौदा. बरोबर भरतात. पुरणपोळी थंड झाली होती, तशीच खाल्ली. पुरणात गूळ कमी होता, मला गोड लागली.

२० मार्च, मंगळवार

बाईंना दाखवला. त्यांनी स्वतः चालवून पाहिला, झडपेवर बोट ठेवलं, हसल्या. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "आता तुम्हाला व्यायामाला यायची गरज नाही. एवढं बारीक काम माझ्यानं होणार नाही." मी म्हणालो, येत राहीन, अजून खूप बांधायचंय. "डबा कायमचा देता येणार नाही हं." माहीत आहे. पण पाडव्यापर्यंत ठेवतो. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत.

२६ मार्च, सोमवार

पाठकांच्या टेबलावर प्रेस ठेवला. सुतळी बांधून दाखवली, सोडून दाखवली. माळ मी बांधली हेही सांगितलं, काही लपवलं नाही. ते मागं रेलून म्हणाले, "म्हणजे तूच बांधलीस. मी काय वेगळं लिहिलं होतं? लिहून दे तसं." मला वाटलं होतं राग येईल. आला नाही, उलट आवाज स्वच्छ निघाला. म्हणालो, देतो लिहून. सुतळी माझी. त्याच्याखाली तुम्ही लिहा, जाळी नव्हती. अकरा वर्षांत एक दिवस नव्हती. माझी चूक चार दिवसांची, तिचं मी भरलं. तुमची अजून चालू आहे.

"जाळी लावली तर काम निम्म्यावर येतं." किती ठोक्यांवर येतं, मोजलंय का कधी? मी गेटवरून रोज मोजतो. "खेळणं उचल आणि जा." उचललं. गेलो नाही. शेठच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. शेठ बाहेरगावी. उद्या परत बसेन. गेटवर कुणी ट्रक लिहिले नाहीत, त्याचा दंड करतील तर करोत.

२ एप्रिल, सोमवार

आठवडाभर बसल्यावर शेठ भेटले. पाठक शेजारी उभे. मी खडू ठेवला, दोरा बांधला, चाक फिरवलं. पहिल्या ठोक्याला शेठ बघत होते. दुसऱ्याला उरलेला खडूही तुटला तेव्हा खुर्चीतून पुढं झाले. म्हणाले, "तू दाबलंस." म्हणालो, तुम्ही दाबा. शेठनी स्वतः अंगठा ठेवला. एक. एक. मग दोन. अंगठा हवेत होता त्यांचा. मग मी झडप लावली.

शेठ म्हणाले, "हे कुठं शिकलास?" हॉस्पिटलात, म्हणालो. "हे ठेव इथं. बघतो." बघतो म्हणजे काय, विचारलं. पाठक डोळे वटारतायत. शेठ म्हणाले, "बघतो म्हणजे बघतो." प्रेस त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. हात रिकामे, चालताना कसंतरी वाटलं.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा.

कारखान्यात पूजा. जाळी नाही. प्रेसवर गाठी आणि झेंडू कोण बांधणार म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, अकरा वर्षांची सवय. मी पुढं झालो. वरच्या पट्टीला नवा खिळा ठोकला, तिथं बांधली माळ. उरलेली सुतळी दातांनी तोडून खिशात घातली. पाठक म्हणाले, "चला, शुभारंभाचा एक ठोका." रीत आहे, पूजेनंतर पहिला ठोका प्रेसमननं मारायचा.

बाबूनं प्रेसला हात जोडले. मग हात खिशात घातले आणि म्हणाला, "नमस्कार केला सायेब. बसत न्हाई. जाळी आली की बसतो." हळूच म्हणाला, पण आवाज बंद होते सगळे. पाठकांनी दुसऱ्याला हाक मारली, तो पाणी प्यायला गेला. तिसरा गुलाल पुसत राहिला. मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं.

प्रेस दिवसभर बंद. गेटवर मोजायला काहीच नव्हतं. असा पाडवा मी पाहिला नव्हता. घरी येऊन वि.ला सांगितलं, तर तिनं बाबूच्या घरी देण्यासाठी गाठी वेगळ्या काढल्या.

५ एप्रिल, गुरुवार

बाईंना डबा परत केला. एक नवीन पेशंट आलाय, मनगट मोडलेलं, त्याला हवाय. दोनशे चौदा तुकडे मोजून दिले. बाकीचे एकसष्ट कुठं आहेत ते कागदावर लिहून दिलं: 'कारखान्याच्या शेठच्या टेबलावर, प्रेसच्या स्वरूपात.' खाली सही. बाईंनी कागद वाचला, घडी घालून डब्यात टाकला. "आणि त्यांनी दिलेच नाहीत तर?"

प्रेस आजही बंद आहे. बाबूला घरी बसवलंय, बोलावतो म्हणून सांगितलंय. मला अजून कुणी काही म्हटलं नाही. पाठक गेटवरून जाताना दुसरीकडे बघतात. रजिस्टरातलं वाक्य आहे तिथंच आहे.

बाईंना सांगितलं, सोमवारी शेठकडे जातो. एकतर जाळी घेऊन येईन, नाहीतर प्रेस. प्रेस आणला तर तो डब्यात लगेच येणार नाही, आधी कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाच्या टेबलावर जाईल, खडूचं खोकं बरोबर घेऊन. बाई म्हणाल्या, "मग सोमवारी संध्याकाळी मला किती तुकडे मिळणार, ते कुणाला विचारू?"

मला विचारा, म्हणालो. त्या मशीनवरचा माणूस मीच आहे.